परिसाच्या शोधात सापडलेले रसायन

कादंबऱ्यांतील किमयागार लोखंडाचे सोने करतात. प्रत्यक्षातील किमयागारांना सोने मिळाले नाही. पण भट्टीत त्यांना जे दिसले, ते खोटे नव्हते.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील पहिली कादंबरी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि निकोलस फ्लामेल हे नाव जगभरातील शाळकरी मुलांच्या तोंडी झाले. कादंबरीतील फ्लामेलचे वय ६६५ वर्षे आहे, त्याची पत्नी पेरेनेल ६५८ वर्षांची आहे, आणि दोघांच्या या दीर्घायुष्याचे गुपित त्यांच्याजवळच्या परिसात आहे. हा परीस कोणत्याही धातूचे सोने करतो आणि त्यापासून अमृतही तयार होते. अनेक बालवाचकांना फ्लामेल हे लेखिकेच्या कल्पनेतून उतरलेले पात्र वाटले. वास्तविक हा गृहस्थ पॅरिसमध्ये खरोखरच होऊन गेला. १४०७ मध्ये त्याने बांधलेले दगडी घर त्या शहरातील मोंमोरांसी रस्त्यावर आजही उभे आहे.

हा खरा फ्लामेल हस्तलिखितांच्या नकला करणारा लेखनिक होता. छपाईचे यंत्र येण्यापूर्वीच्या त्या काळात हा व्यवसाय बऱ्यापैकी चालत असे. पेरेनेलचा त्याच्याशी विवाह होण्यापूर्वी ती दोनदा विधवा झाली होती आणि आधीच्या पतींची मिळकत तिच्याकडे आली होती. दांपत्याला मूलबाळ नव्हते. त्यांनी चर्चना देणग्या दिल्या, गरिबांसाठी घरे बांधली. पेरेनेल १३९७ मध्ये आणि फ्लामेल १४१८ मध्ये मरण पावला. त्याने धातूंवर कधी प्रयोग केल्याचा समकालीन पुरावा नाही. त्याच्या नावावरचा किमयेचा ग्रंथ छापला गेला तो १६१२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. एका लेखनिकाकडे इतका पैसा आला कुठून, या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुतूहलाला उत्तर म्हणून परीस पुढे आला असावा. आपल्याकडेही अचानक श्रीमंत झालेल्या माणसाला गुप्तधन सापडल्याचे गाव ठरवून टाकतेच.

फ्लामेलची कथा अशी खोटी ठरली, तरी किमयेचा सारा व्यवहार खोटा होता असे मात्र म्हणता येत नाही. किमयागारांच्या जुन्या पोथ्या गेल्या काही दशकांत रसायनशास्त्रज्ञांनी आणि विज्ञानाच्या इतिहासकारांनी पुन्हा उघडल्या, त्यांतील कृती प्रयोगशाळेत करून पाहिल्या आणि त्यांपैकी कित्येक कृती वर्णनाबरहुकूम घडतात असे त्यांच्या लक्षात आले. चूक निरीक्षणात नव्हती. निरीक्षणाचा जो अर्थ लावला गेला त्यात होती.

लोखंडाला लाल रंग चढतो तेव्हा

'किमया' हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने अरबीतून आला. युरोपीय भाषांतील 'अल्केमी' आणि पुढे 'केमिस्ट्री' हे शब्दही त्याच अरबी मुळाचे. 'परीस' मात्र आपल्या संतपरंपरेत पूर्णपणे रुजलेला आहे. पंढरपूरच्या परिसा भागवताची कथा प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ देवीच्या प्रसादाने मिळालेला परीस होता. संत नामदेवांच्या घरचे दारिद्र्य पाहून भागवताच्या पत्नीने तो राजाईला वापरायला दिला. नामदेवांना हे कळताच त्यांनी तो चंद्रभागेत भिरकावला, आणि भागवत जाब विचारायला आला तेव्हा नदीतून ओंजळभर खडे काढून दिले. ते सारेच परीस निघाले, असे भक्तिकथा सांगते.

आपल्या परिसाचे काम स्पर्शाने होते आणि त्याचा संबंध येतो तो लोखंडाशी. युरोपातील कथांमध्ये परीस बहुधा लाल भुकटीच्या रूपात असतो आणि ती वितळलेल्या शिशावर किंवा तापलेल्या पाऱ्यावर टाकावी लागते. लोखंडाने नुसत्या स्पर्शाने रूप पालटावे, ही कल्पना मात्र वाटते तितकी हवेतली नाही. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडाचा स्वच्छ खिळा बुडवून ठेवला तर थोड्याच वेळात त्यावर तांब्याचा लाल थर चढतो. बराच काळ ठेवल्यास खिळा झिजत जातो आणि त्याच्या जागी तांब्याचा चोथा उरतो. पाहणाऱ्याला वाटावे, लोखंडाचेच तांबे झाले.

आजच्या स्लोव्हाकियातील हेरेनग्रुंड या खाणीच्या गावी असे पाणी निसर्गतःच झिरपत असे. तांब्याच्या खनिजातून वाहत येणाऱ्या त्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकून तांबे मिळवले जाई. त्या तांब्याचे पेले सतराव्या-अठराव्या शतकांत भेटवस्तू म्हणून खपत. आपण पूर्वी लोखंड होतो, अशा आशयाच्या ओळी त्यांवर कोरलेल्या असत. युरोपातील संग्रहालयांत हे पेले आजही पाहायला मिळतात.

खरी घटना अशी की, लोखंडाचे अणू विद्राव्य रूपात पाण्यात जातात आणि पाण्यात आधीच असलेले तांब्याचे अणू बाहेर पडून धातुरूपाने बसतात. एकाने जागा सोडली, दुसऱ्याने घेतली. दहावीच्या विज्ञानात याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात. परंतु पाण्यात तांबे 'लपलेले' असू शकते याची कल्पना नसलेल्या माणसाने दुसरा कोणता निष्कर्ष काढायचा?

शिशाचा दाखला तर याहून पटण्याजोगा होता. शिशाच्या खनिजात बहुतेक वेळा थोडी चांदी असते. असे शिसे हाडांच्या राखेच्या वाटीत घेऊन हवेच्या झोतात तापवत राहिले की शिशाचे ऑक्साइड बनते आणि ते वाटी शोषून घेते. शेवटी चांदीचा चकचकीत मणी तेवढा शिल्लक राहतो. वाटीत टाकले ते शिसे आणि निघाली ती चांदी, हे हजारो कारागिरांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यातच जाबिर इब्न हय्यान याच्या नावावर असलेल्या अरबी ग्रंथांनी असे मांडले होते की, सर्व धातू पारा आणि गंधक या दोन तत्त्वांपासून जमिनीच्या पोटात तयार होतात. प्रमाण आणि शुद्धता बदलली की धातू बदलतो. शिसे म्हणजे अपुरे पिकलेले सोने. फळ अढीत घालून लवकर पिकवता येते, तर धातू भट्टीत का नाही? त्या काळच्या ज्ञानाच्या चौकटीत हा विचार अजिबात वेडगळ नव्हता.

वांग्याच्या आकाराची मूस

भारतीय रसशास्त्राच्या परंपरेत नागार्जुनाचे नाव अग्रभागी येते. त्याच्या नावावर असलेल्या 'रसरत्नाकर' या ग्रंथात, रसक नावाच्या खनिजाबरोबर तांबे तीनदा भाजले असता त्याचे सोने होते यात आश्चर्य ते काय, अशा अर्थाचे विधान आहे. रसक म्हणजे जस्ताचे खनिज. तांबे आणि जस्त एकत्र आले की पितळ तयार होते, आणि ताजे, घासलेले पितळ सोन्यासारखे दिसते हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. कोलकात्याचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या द्विखंडात्मक इतिहासात अशा कृतींचा आधुनिक रसायनाच्या भाषेत अर्थ लावून दाखवला.

या पोथ्यांतील सगळेच काही पितळेवर थांबत नाही. जस्त हा मोठा हट्टी धातू आहे. कोळशाबरोबर तापवून त्याचे खनिज मोडावे तर त्यासाठी सुमारे एक हजार अंश सेल्सियसच्या वर जावे लागते आणि जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू सुटा होतो तोच वाफेच्या रूपात, आणि हवा लागताच ही वाफ जळून पुन्हा पांढरी राख होते. उघड्या भट्टीत जस्त हाती लागतच नाही. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात यावरचा उपाय सापडतो. वांग्याच्या आकाराची मूस घ्यावी, तिला धोत्र्याच्या फुलासारखी रुंदावत जाणारी नळी जोडावी, असे तेथे सांगितले आहे. तिचे नावच 'वृंताक मूषा', म्हणजे वांगी मूस.

राजस्थानातील उदयपूरजवळच्या जावर येथे १९८० च्या दशकात झालेल्या उत्खननात नेमक्या अशाच मुशा सापडल्या आणि तेही ढिगांनी. एकेका भट्टीत ३६ मुशा उलट्या टांगलेल्या असत; वर आग, खाली गार कप्पा, आणि नळीतून खाली उतरणारी जस्ताची वाफ तेथे थिजे. युरोपात जस्ताच्या अशा ऊर्ध्वपातनाचे पेटंट विल्यम चॅम्पियन याने घेतले ते १७३८ मध्ये. जावरचे कारागीर त्याच्या कित्येक शतके आधी हे काम उद्योगाच्या प्रमाणावर करीत होते. रसशास्त्राच्या पोथीतील जे वर्णन गूढ वाटत होते, ते कारखान्याचे नेमके तपशील निघाले.

याचा अर्थ पोथीतील सर्व दावे खरे मानावेत असा नव्हे. अकराव्या शतकात भारतात आलेल्या अल बिरूनीने येथील रसायनविद्येच्या कथा नोंदवल्या आहेत; उज्जैनच्या व्याडीची कथा त्यातलीच. सोने करण्याच्या लालसेबद्दल मात्र त्याने स्पष्ट नापसंती दर्शवली. पाऱ्याच्या बाबतीत हा सावधपणा आजही हवा. गंधकाबरोबर खलात घोटला की पारा काळा होतो, त्याची कज्जली बनते. ती विशिष्ट रीतीने तापवली की लाल रससिंदूर मिळतो. आणि लाल हिंगूळ भट्टीत टाकला की त्यातून पुन्हा चमकता पारा निघतो. पारा 'मरतो' आणि 'जिवंत होतो' या भाषेचे मूळ या फेऱ्यात आहे. रसायन खरे आहे, तशीच त्या वाफेची विषबाधाही खरी आहे.

सोन्याऐवजी उजेड

हॅम्बुर्गचा हेनिग ब्रांट हा असाच एक सोन्याच्या मागे लागलेला गृहस्थ. सोने पिवळे, मूत्र पिवळे, तेव्हा एकात दुसरे असणार, असा त्याचा तर्क होता. १६६९ मध्ये त्याने बादल्याच्या बादल्या मूत्र जमा करून आटवले, उरलेला चिकट गाळ मडक्यात घालून प्रचंड तापवला आणि निघणारी वाफ पाण्यात सोडली. पाण्याखाली मेणासारखा एक पदार्थ जमा झाला. तो अंधारात फिकट हिरवा उजेड देत होता आणि हवेवर काढताच पेट घेत होता. शेजाऱ्यांना त्या घराच्या दुर्गंधीविषयी काय वाटले असेल, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

ब्रांटला परीस सापडल्याचा भास झाला असल्यास नवल नाही. त्याला सापडले होते फॉस्फरस. अमुक माणसाने अमुक वर्षी शोधले असे ज्याबद्दल सांगता येते, असे हे पहिले मूलद्रव्य. मूत्रात फॉस्फेट क्षार असतात. आटवलेल्या गाळातील सेंद्रिय पदार्थ जळून त्यांचा कोळसा होतो, तीव्र उष्णतेत हा कोळसा फॉस्फेटमधील ऑक्सिजन ओढून घेतो आणि फॉस्फरस वाफ होऊन सुटतो. हवेतील ऑक्सिजनशी त्याचा जो सावकाश संयोग होतो, त्यातून तो उजेड पडतो. ब्रांटने कृती गुप्त ठेवली, नंतर विकली. योहान क्राफ्ट या व्यापाऱ्याने युरोपच्या दरबारांत त्या उजेडाचे खेळ लावले. १६७७ मध्ये लंडनमध्ये तो रॉबर्ट बॉइलने पाहिला आणि मूळ पदार्थ मानवी शरीरातून मिळतो एवढ्या सुगाव्यावरून १६८० पर्यंत स्वतः तयार केला.

पुढची कहाणी सरळ सुखाची नाही. या पांढऱ्या फॉस्फरसपासून आगकाड्या निघाल्या आणि त्या बनवणाऱ्या कामगारांच्या जबड्यांची हाडे सडली. त्यावर आंतरराष्ट्रीय बंदीचा करार होण्यास १९०६ साल उजाडावे लागले. १९४३ मध्ये दोस्तांच्या विमानांनी ज्या शहरावर आगीचा वर्षाव केला, त्यात फॉस्फरसचे बाँबही होते. ते शहर होते हॅम्बुर्ग. दुसरीकडे, फॉस्फरसविना कोणतेही पीक उभे राहत नाही. आपल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात नत्र आणि पालाश यांच्या जोडीने जे 'स्फुरद' येते, ते हेच.

कैदेतला किमयागार

कादंबरीकाराला हेवा वाटावा असे आयुष्य योहान फ्रीडरिश ब्योटगर याच्या वाट्याला आले. बर्लिनमधील औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करणाऱ्या या तरुणाने १७०१ मध्ये मोजक्या लोकांसमोर नाण्यांचे सोने करून दाखवले. अर्थात ती हातचलाखी होती. बातमी प्रशियाच्या राजापर्यंत गेली. राजाचे बोलावणे म्हणजे काय, हे ओळखून एकोणीस वर्षांचा ब्योटगर पळाला तो थेट सॅक्सनीत. तेथील ऑगस्टस राजाला पैशाची चणचण कायमचीच. त्याने या 'सोन्याच्या कोंबडी'ला पकडून कोंडले आणि सोने करण्याचा हुकूम सोडला. १७०३ मध्ये ब्योटगरने पुन्हा पळून जाण्याचा प्रयत्न केला. तो पकडला गेला.

सोने होत नव्हते आणि राजाचा संयम संपत आला होता. किमयागारांचा शेवट त्या काळी फासावर होत असे. ब्योटगरचे नशीब असे की, त्याच्यावर देखरेखीस नेमलेला चिर्नहाउस हा गणिती आणि निसर्गविज्ञानाचा अभ्यासक वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होता. चीनमधून येणारी पांढरी, पातळ, टिचकी मारताच नाद देणारी भांडी बनतात कशी? युरोपात त्यांचे मोल अफाट होते. ऑगस्टसला तर त्यांचे व्यसनच होते. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार देऊन त्याच्याकडून १५१ भांडी घेतली.

ब्योटगर या कामाला जुंपला गेला. भट्टीचे ताप, मुशीची माती, पदार्थांचे नेमके वजन आणि प्रत्येक फसलेल्या प्रयोगाची नोंद, ही किमयागाराची सारी हत्यारे येथे कामास आली. जानेवारी १७०८ च्या नोंदीत पांढऱ्या चिनी मातीबरोबर अलाबास्टर, म्हणजे एक प्रकारचे जिप्सम, मिसळून घेतलेल्या चाचण्या आढळतात. १३०० अंशांच्या वर हे मिश्रण भाजले की मातीचे कण अंशतः वितळून काचेसारखे होतात आणि त्या काचेत सुईसारखे स्फटिक गुंफले जातात. भांडे पाणी झिरपू देत नाही आणि प्रकाश मात्र आरपार जाऊ देतो, ते यामुळे. चिर्नहाउस त्याच वर्षी वारला. १७१० मध्ये माइसेन येथे कारखाना उभा राहिला आणि तो आजही चालू आहे. राजाला मातीपासून सोने मिळाले, फक्त पिवळे नव्हे. ब्योटगरची सुटका १७१४ मध्ये झाली. बंदिवास, मद्य आणि भट्टीचा धूर यांनी पोखरलेला हा माणूस १७१९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी गेला.

न्यूटनच्या पेटीतले कागद

किमयेच्या वेडात अडाणी आणि लबाड माणसेच होती, हा समज १९३६ मध्ये लंडनमधील एका लिलावाने मोडीत काढला. त्यात आयझॅक न्यूटनचे खासगी कागद विक्रीस निघाले. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी त्यांतील पुष्कळसे विकत घेतले. गुरुत्वाकर्षणाच्या जनकाने किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवले होते. १९७९ मध्ये न्यूटनच्या केसांचे पृथक्करण झाले, तेव्हा त्यांत पाऱ्याचे प्रमाण बरेच आढळले.

या नोंदींतील रूपकांची भाषा आधी निरर्थक मानली जात असे. अमेरिकेतील विल्यम न्यूमन आणि लॉरेन्स प्रिन्सिपे या अभ्यासकांनी ती सोडवून प्रयोग केले. सुरमा म्हणून ओळखले जाणारे अँटिमनीचे खनिज लोखंडाबरोबर वितळवले की लोखंड त्यातील गंधक घेते आणि अँटिमनी धातू तळाशी बसतो. तो सावकाश थंड होऊ दिला की पृष्ठभागावर चांदणीसारखी स्फटिकांची नक्षी उमटते. पोथ्यांतील 'तारा' तो हाच. अशा अँटिमनीच्या साहाय्याने तयार केलेला पारा आणि सोने प्रिन्सिपे यांनी काचेच्या अंड्यात बंद करून अनेक दिवस मंद उष्णतेवर ठेवले. आत फांद्या फुटलेल्या झाडासारखी धातूची वाढ दिसली. सोने झाडासारखे वाढते, हे वाक्य कुणाही समंजस वाचकाने कविकल्पना म्हणून सोडून दिले असते.

प्रिन्सिपे यांच्या आणखी एका प्रयोगाची गोष्ट रोचक आहे. अँटिमनीपासून सोनेरी पिवळी काच बनवण्याची एक जुनी कृती त्यांना काही केल्या जमेना. प्रत्येक वेळी करडा गोळा हाती येई. शेवटी त्यांनी शुद्ध रसायन सोडून युरोपातील खाणीचे ओबडधोबड खनिज घेतले आणि पिवळी, पारदर्शक काच तयार झाली. खनिजातील किंचित गारगोटीचा अंश त्यासाठी आवश्यक होता. जुन्या लेखकाला ते माहीत नव्हते. आणि आधुनिक प्रयोगशाळेतील शुद्ध बाटलीत तो अंश नव्हता.

८२ आणि ७९

हिरोमु अराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही जपानी चित्रकथा २००१ ते २०१० या काळात प्रसिद्ध झाली आणि तिच्या अ‍ॅनिमेशनपटांनी भारतातही चाहते मिळवले. काही मिळवायचे तर तितक्याच मोलाचे काही द्यावे लागते, हा तिच्यातील किमयेचा नियम. वस्तुमान अक्षय्यतेचा जो नियम आंत्वान लाव्हाझिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तराजूच्या साहाय्याने पक्का केला, त्याचेच हे कथारूप. पण किमयेचा पाया ज्याने काढून घेतला तो लाव्हाझिएच. रासायनिक क्रियेत मूलद्रव्ये एकमेकांशी जुळतात, सुटतात, पण बदलत नाहीत.

असे का, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात, पाऱ्याच्या ८०, शिशाच्या ८२. आग, आम्ल, गंधक या सर्वांची पोहोच केंद्राभोवतीच्या इलेक्ट्रॉनांपर्यंतच असते. केंद्र फोडायला त्याहून सुमारे दहा लाख पट ऊर्जा लागते. रदरफर्ड आणि सॉडी यांना १९०१ मध्ये मॉन्ट्रियल येथे थोरियम आपोआप दुसऱ्या मूलद्रव्यात बदलताना आढळले. १९४१ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पाऱ्याचे सोने केले. पाऱ्यावरच भर देणाऱ्या किमयागारांचा नेम योगायोगाने का होईना, एका प्रोटॉनाने चुकला होता म्हणायचा! ते सोने मात्र किरणोत्सर्गी होते आणि काही काळातच क्षय पावणारे. १९८० मध्ये बर्कली येथे ग्लेन सीबॉर्ग यांच्या चमूने बिस्मथपासून सोन्याचे काही हजार अणू मिळवले.

ताजा दाखला जिनिव्हाजवळच्या 'सर्न'चा. तेथील महाकाय कणवेगकात शिशाची अणुकेंद्रे प्रकाशाच्या जवळपास वेगाने एकमेकांना निसटून जातात, तेव्हा तीव्र विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे एखाद्यातून तीन प्रोटॉन बाहेर फेकले जातात आणि उरते ते सोने. २०१५ ते २०१८ या काळात अशी सुमारे ८,६०० कोटी केंद्रे तयार झाल्याचे 'अ‍ॅलिस' या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये जाहीर केले. आकडा डोळे दिपवणारा आहे. वजन केल्यास ते २९ पिकोग्रॅम भरते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले २९. आणि हे सोनेही निमिषार्धात वेगकाच्या भिंतीवर आदळून फुटते.

दारात आलेला किमयागार

किमयेच्या नावाने फसवणूक करणारे सर्व काळांत होते. पोकळ सळईत सोन्याची पूड भरून तोंड मेणाने बंद करायचे आणि तिने तापलेली मूस ढवळायची. किंवा सोने आधीच विरघळवलेला पारा भट्टीत उडवून टाकायचा, म्हणजे मागे सोने राहते. अशा युक्त्यांची यादी ज्योफ्रुआ या रसायनज्ञाने १७२२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचली होती. आपल्या सराफी पेठांत गटारातील गाळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी पाऱ्याचा हाच गुण प्रामाणिकपणे वापरत आले आहेत.

आजचा परीस 'राईस पुलर' या नावाने विकला जातो. वीज पडलेल्या जुन्या तांब्याच्या भांड्यात 'इरिडियम' तयार होते, ते तांदळाचे दाणे खेचते, आणि परदेशी अवकाशसंस्था त्यासाठी कोट्यवधी रुपये मोजतात, असे सांगून सुशिक्षित माणसांकडूनही लाखो रुपये उकळले जातात. तांब्याच्या केंद्रात २९ प्रोटॉन, इरिडियमच्या ७७. वीज कितीही मोठी पडली तरी हे अंतर ती ओलांडू शकत नाही. आणि इरिडियम तांदूळ खेचत नाही. लोहचूर्ण लावलेले दाणे लपवलेल्या चुंबकाकडे मात्र खुशाल जातात. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दुसरा प्रकार चमत्काराचे नावही घेत नाही. दुपारच्या वेळी, घरात ज्येष्ठ नागरिक किंवा गृहिणी एकटी असताना, भांडी चकचकीत करण्याची पावडर विकणारे दोघे येतात. आधी पितळेचा तांब्या लखलखीत करून दाखवतात, मग चांदीचे पैंजण, मग हळूच गळ्यातल्या साखळीची किंवा बांगड्यांची मागणी होते. दागिने एका द्रावणात बुडवले जातात, हळदीच्या पाण्यात ठेवून डबा बंद केला जातो आणि 'अर्ध्या तासाने उघडा' असे सांगून मंडळी निघून जातात. दागिने डब्यात असतात, चमकतही असतात. वजन घटल्याचे कळते ते सराफाच्या काट्यावर.

त्या द्रावणात असते अम्लराज. नायट्रिक आम्लाच्या एका भागास हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग मिसळून ते बनते. यांपैकी एकटे कोणतेही आम्ल सोन्याला धक्का लावू शकत नाही. एकत्र आल्यावर मात्र नायट्रिक आम्ल सोन्याचे इलेक्ट्रॉन काढते आणि क्लोराइड त्याला लगेच द्रावणात अडकवून ठेवते, परतू देत नाही. युरोपातील किमयागारांना हे मिश्रण तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास गवसले. १९४० मध्ये नाझी फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा जॉर्ज हेवेशी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या शास्त्रज्ञांची नोबेल सुवर्णपदके वाचवली ती याच द्रावणात विरघळवून. बरण्या फळीवर तशाच उभ्या राहिल्या, कोणाला संशय आला नाही. युद्धानंतर सोने परत मिळवून त्याची पदके पुन्हा घडवण्यात आली.

अम्लराजात गेलेले सोने नष्ट होत नाही. पिवळसर दिसणाऱ्या त्या पाण्यात हिराकस टाकला की तपकिरी भुकटी तळाशी बसते, आणि ती वितळवली की शुद्ध सोन्याचा मणी मिळतो. म्हणूनच पॉलिशवाले जाताना पैसे मागत नाहीत, पण आपले भांडे विसरत नाहीत. घाईत ते मागे राहिलेच, तर त्यातले पाणी मोरीत ओतू नये, त्याला हातही लावू नये. ते आहे तसे पोलिसांच्या ताब्यात द्यावे. साखळीतले जे वजन घटले, ते त्याच पाण्यात असते.